पाणी थोडं, रस्ता लांब : जालन्याच्या पोहणाऱ्यासाठी ट्रायथलॉन

जालना जिल्ह्यात कोण चांगलं पोहतो, हे गावाला विहिरीवर कळतं. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकलेली मुलं दोन वर्षांत काठावरून सूर मारायला लागतात. त्यांतली काही पुढे शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जातात, तिथे तरणतलाव मिळतो आणि पोहणं आणखी पक्कं होतं. अशा मुलामुलींच्या कानावर ट्रायथलॉन हा शब्द गेला की पहिला विचार येतो : निम्मी शर्यत तर आपल्याला येतेच.

निम्मी नाही येत. फार तर आठवा हिस्सा येतो. तरीही चांगल्या पोहणाऱ्याने या खेळात जरूर यावं, असं मला मनापासून वाटतं. त्याच्याजवळ जे आहे ते इतरांना मिळवायला वर्षं लागतात, आणि त्याच्याजवळ जे नाही ते मिळवायला जालन्यासारखा जिल्हा चांगला आहे. इथे पाणी कमी आहे, पण रस्ते आणि ऊन भरपूर आहे.

शर्यत कशी असते

आधी पोहणं, मग सायकल, शेवटी धावणं, मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलण्याचा वेळही एकूण वेळेत धरतात. पोहणं आधी ठेवण्याचं मोठं कारण सुरक्षिततेचं आहे : दमलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही.

अंतरं चार प्रकारची रूढ आहेत. स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतरात याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे १.५, ४० आणि १० किलोमीटर; २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून हा खेळ तिथे आहे. अर्ध्या आयर्नमनमध्ये १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. या तिन्हींची मैलांतली बेरीज ७०.३ भरते, म्हणून तिला तेच नाव पडलं. पूर्ण आयर्नमन म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर.

मराठी माणसाला सर्वांत जवळची मोठी शर्यत गोव्याची. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतातली पहिली ७०.३ झाली. अशा शर्यतीत सर्वसाधारणपणे पोहायला १ तास १० मिनिटं आणि सगळं मिळून साडेआठ तास मिळतात. पोहण्याची मुदत चांगल्या पोहणाऱ्याला दुपटीने पुरते. खरी परीक्षा उरलेल्या सात तासांत असते.

मिनिटांचं गणित

समजा, तुम्ही १०० मीटर १ मिनिट ४५ सेकंदांच्या गतीने सलग पोहता. हौशी खेळाडूंत ही गती चांगली म्हणावी अशी आहे. १.९ किलोमीटरला तुम्हाला सव्वातेहतीस मिनिटं लागतील. दुसरा एक स्पर्धक दर १०० मीटरला २ मिनिटं २० सेकंद घेतो. तो ४४ मिनिटं २० सेकंदांनी बाहेर येईल. म्हणजे इतक्या वर्षांच्या पोहण्यातून तुम्ही कमावलीत ११ मिनिटं.

आता रस्त्यावर बघा. ९० किलोमीटर सायकल तुम्ही ताशी २५ च्या वेगाने चालवलीत आणि त्याने २८ च्या, तर तो २३ मिनिटं मिळवतो. फक्त ताशी ३ किलोमीटरचा फरक, पण तुमची ११ मिनिटं फिटून वर १२ मिनिटं त्याच्या खात्यात. धावताना तुम्हाला किलोमीटरला साडेसात मिनिटं लागत असतील आणि त्याला साडेसहा, तर आणखी २१ मिनिटं गेली.

मग पाण्यात आणखी जोर लावून आघाडी वाढवावी का? नाही, आणि त्याचं कारण पाण्यात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. पोहण्याचा वेळ ५ टक्क्यांनी कमी करायचा तर सुमारे १६-१७ टक्के जास्त ताकद ओतावी लागते. आपल्या उदाहरणात ५ टक्के म्हणजे जेमतेम पावणेदोन मिनिटं. तीच ताकद राखून ठेवली तर सायकलवर याच्या कितीतरी पट मिनिटं वाचतात.

चांगल्या पोहणाऱ्याचा खरा फायदा घड्याळात पूर्ण दिसत नाही. तो ३३ मिनिटांनी बाहेर येतो तेव्हा नुकता कुठे अंगात ऊब आलेली असते. ४४ मिनिटांनी आलेला माणूस अनेकदा घाबरलेला, पोटात खारं पाणी गेलेला, खांदे भरून आलेला असतो. ताजेपणा ही तुमची कमाई आहे. ती पाण्यातच उधळू नये.

हवाईतला वाद

आयर्नमनचा जन्मच एका प्रश्नातून झाला. हवाईत तैनात असलेले अमेरिकी नौदलाचे अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची मंडळी वाद घालत होती की सर्वांत दमदार कोण : पोहणारा, सायकल चालवणारा की धावणारा? तिथल्या तीन जुन्या शर्यती एका दिवसात जोडायचं ठरलं. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. जिंकलेला गॉर्डन हॅलर पाण्यातून बाहेर आला तेव्हा जॉन डनबरच्या तब्बल २० मिनिटं मागे होता. ही २० मिनिटं त्याने रस्त्यावर भरून काढली आणि ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला.

चाळीस वर्षांनी तेच पुन्हा घडलं. ब्रिटनची लुसी चार्ल्स लहानपणापासूनची जलतरणपटू. लंडन ऑलिम्पिकच्या खुल्या पाण्यातल्या १० किलोमीटर शर्यतीचं तिचं स्वप्न हुकलं आणि ती ट्रायथलॉनकडे वळली. २०१८ च्या हवाई आयर्नमनमध्ये ती ४८ मिनिटं १४ सेकंदांत पोहून आली. महिलांसाठी तो तिथला विक्रम होता. स्वित्झर्लंडच्या डॅनिएला रीफला त्याच सकाळी सुरुवातीच्या तोंडावर जेलीफिश डसला होता आणि ती नऊ मिनिटांहून अधिक मागे पडली होती. तरी अखेरीस रीफच जिंकली, तीही दहा मिनिटांच्या फरकाने. लुसी चार वेळा हवाईत दुसरी आली. २०२३ मध्ये जिंकली तेव्हा पोहणं तिचं पूर्वीसारखंच होतं. वाढली होती ती सायकल आणि धाव.

आपल्याकडचं उदाहरण मिलिंद सोमण यांचं. ऐंशीच्या दशकात ते राष्ट्रीय पातळीवरचे अव्वल जलतरणपटू होते. २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी झुरिकची आयर्नमन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. बातम्यांत त्यांचं वय गाजलं. मला त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते : २०१२ मध्ये ते दिल्लीहून मुंबईला सुमारे १,५०० किलोमीटर ३० दिवसांत धावत आले होते. पोहणाऱ्या माणसाने आधी पाय घडवले, मग तिन्ही एकत्र केलं. पुण्याचे कौस्तुभ राडकर हेही मूळचे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू; त्यांनी तिसाहून अधिक आयर्नमन पूर्ण केल्या आहेत आणि आज ते इतरांना घडवतात.

विहिरीतलं पोहणं, शर्यतीतलं पोहणं

विहिरीत शिकलेल्याची पाण्याची भीती मेलेली असते. खाली तळ दिसत नाही, बाजूला धरायला काही नाही, पाणी गार आणि काळं; अशा ठिकाणी लहानपणी उड्या मारलेल्या माणसाला समुद्रातली गर्दी फारशी हलवत नाही. शहरातल्या निळ्या टाइल्सच्या तलावात शिकलेले कित्येक जण खुल्या पाण्यात पहिल्या दोनशे मीटरांतच गांगरतात. ही देणगी मोठी आहे.

पण विहीर अरुंद. पाच-सात हात मारले की काठ येतो. त्यामुळे सलग पोहण्याची लय बसत नाही, आणि डोकं वर ठेवून पोहायची सवय लागते. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि अंग पाणी ढकलत राहतं. पहिली दुरुस्ती श्वासाची. चेहरा पाण्यात असतानाच नाकातोंडाने हवा पूर्ण सोडायची, म्हणजे मान वळवल्यावर फक्त आत घ्यायचं काम उरतं. बहुतेकांची दमछाक हवा कमी पडून होत नाही, जुनी हवा न सोडल्यामुळे होते. एवढं जमलं तरी अनेकांच्या गतीत महिन्याभरात फरक दिसतो.

तलावातल्या पोहणाऱ्याची अडचण उलटी. त्याची शैली सुरेख, पण दर २५ किंवा ५० मीटरला भिंत मिळते आणि ढकलून विसावा घेता येतो. तळावरची काळी रेघ दिशा दाखवते. समुद्रात रेघ नाही. दर सहा ते दहा हातांनी डोळे पाण्याच्या वर काढून पुढचा तरंगता गोळा पाहावा लागतो. विहिरीतला मुलगा हे सहज करतो. तलावातल्याला शिकावं लागतं.

लाथांबद्दलही बोलायला हवं. छोट्या शर्यतीतले जलतरणपटू जोरदार लाथा मारतात. मांडीचे स्नायू मोठे, त्यामुळे लाथा भरपूर प्राणवायू खातात आणि त्या मानाने पुढे कमी नेतात. ट्रायथलॉनमध्ये पाय फक्त अंग आडवं राहील इतपत हलवायचे. शेवटच्या १०० मीटरला मात्र लाथा वाढवाव्यात. आडवं अंग अचानक उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि चक्कर येते. पाय आधीच जागे असले तर त्रास कमी होतो.

आपली खरी गती मोजायची एक सोपी रीत आहे. एकाच दिवशी, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, ४०० मीटर आणि २०० मीटर पूर्ण जोराने पोहा. दोन्ही वेळांतला फरक काढा आणि त्याला २ ने भागा. ४०० ला ६ मिनिटं ४० सेकंद आणि २०० ला ३ मिनिटं १० सेकंद लागले तर फरक साडेतीन मिनिटांचा, म्हणजे १०० मीटरला १ मिनिट ४५ सेकंद. दीड-दोन किलोमीटर सलग टिकू शकणारी गती साधारण याच्या आसपास असते. शर्यतीत यापेक्षा किंचित सावकाशच पोहावं.

सराव कुठे करावा, कुठे करू नये

जालन्यात पाण्याचं काय, हे सांगायला नको. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना तरणतलावात पाणी भरा असं म्हणवतही नाही. शहराला पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात सरावाला उतरू नये. जायकवाडीचा नाथसागर पसरलेला आहे, पण तो पक्षी अभयारण्य आहे. परवानगी आणि सोबत होडी असल्याशिवाय कोणत्याही धरणात पोहू नये. कालव्याच्या तोंडाशी पाणी वरून शांत दिसतं आणि खाली ओढ असते.

शेततळ्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. कडवंचीसारख्या गावांनी पाणलोटाचं काम आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा जगवल्या. जिल्ह्याला अभिमान वाटावा असं ते काम आहे. पण प्लास्टिकचं अस्तर असलेलं शेततळं पोहायची जागा नाही. उतार तिरका, त्यावर शेवाळ, हाताला धरायला काहीच नाही. उत्तम पोहणारा माणूसही दमतो तो बाहेर येण्याच्या धडपडीत. पाण्यात आत जाणं सोपं आणि बाहेर निघणं अशक्य, अशी ती जागा आहे. ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर पक्के बांधून पाण्यात सोडून ठेवावेत आणि कुंपण घालावं. ट्रायथलॉन न करणाऱ्यांसाठीही हे तितकंच गरजेचं आहे.

मग उरतं काय? आठवड्यातून दोनदा तरणतलाव. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर. तिथे सिद्धार्थ उद्यानाचा आणि एमजीएमचा असे तलाव आहेत. नोकरी-शिक्षणासाठी तिथे जाणं होत असेल तर काम जुळतं. चांगल्या पोहणाऱ्याला दर वेळी २,००० ते २,५०० मीटर पुरेसे आहेत. कमावलेलं पोहणं टिकवायला थोडं पाणी लागतं. ज्याला शून्यातून शिकायचं आहे त्याला मात्र रोज लागतं. म्हणूनच दुष्काळी जिल्ह्यातल्या पोहणाऱ्याने या खेळाला बिचकू नये. ज्या आठवड्यात पाणी मिळणार नाही, त्या आठवड्यात खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून हात ओढण्याचा व्यायाम आणि दंड-बैठकांतले दंड, एवढ्यावर खांदे तयार राहतात.

दम आहे, हाडं तयार नाहीत

पोहणारे सगळ्यांत जास्त जायबंदी होतात ते धावण्यात. पोहण्याने हृदय आणि फुप्फुसं जबरदस्त घडतात, पण पाण्यात अंगाचं वजन हाडांवर पडत नाही. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो, आणि तासाभरात १० किलोमीटर धावणारा माणूस साधारण दहा हजार पावलं टाकतो. पोहणारा पहिल्याच आठवड्यात दम न लागता ८ किलोमीटर धावू शकतो. दम साथ देतो म्हणून तो धावत राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. मळलेल्या वाटेवर नवी गाडी पळवणं निराळं आणि जुन्या बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन बसवणं निराळं. चाकं आधी मोडतात.

पोहणाऱ्याचे घोटेही सैल असतात. पाण्यात तो गुण, जमिनीवर अवगुण. पाऊल आत कलंडतं, पोटरीवर ताण येतो. त्यामुळे पहिला महिना दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं अर्धा तास आणि आठवड्यातून तीनदाच. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम रोज. डांबरापेक्षा शिवारातली पायवाट बरी, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटून पाय जड होतात, तेव्हा शाळेचं मैदान धरावं. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट दाबल्यावर टोचल्यासारखं दुखलं तर धावणं थांबवून डॉक्टर गाठावा. हाडाला बारीक चीर गेली असेल तर धावून ती भरत नाही.

सहा महिन्यांनी हाडं आणि स्नायुबंध दमाच्या जोडीला येतात. तोवर धीर धरणं, हाच पोहणाऱ्याचा सगळ्यात अवघड सराव आहे.

सायकल आणि जालन्याचे रस्ते

वेळ जास्तीत जास्त इथे द्यावा. आठवड्याचे नऊ तास हाताशी असतील तर मी दोन पोहण्याला, तीन धावण्याला आणि चार सायकलला देईन.

महागड्या सायकलीची सुरुवातीला गरज नाही. गिअरची, मापाची आणि ब्रेक चांगले असलेली सायकल हवी. सीटची उंची अशी की पायडल सगळ्यांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. पोहणाऱ्याच्या मांड्यांत सायकलची ताकद नसते, म्हणून तो जड गिअर लावून रेटतो आणि गुडघे दुखवून घेतो. हलका गिअर, मिनिटाला ८५-९० फेरे, ही सवय आधी लावावी. पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. शर्यतीत बाहेरच्याची मदत घेतली तर बाद करतात.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि त्याचं गुळगुळीत सिमेंट पाहून मोह होतो, पण तिथे सायकलला आणि दुचाकीलाही बंदी आहे. बदनापूरकडचा रस्ता सरळ असला तरी ट्रक फार. त्यापेक्षा राजूरचा रस्ता, जालन्यापासून साधारण २५ किलोमीटर, पहाटे मोकळा असतो. फक्त चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, तिकडे जाऊ नये, कारण राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरून वाहतो. अंबड-घनसावंगीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंधारात, बहुधा मागे दिवा नसलेल्या, उभ्या असतात. त्या चार महिन्यांत उजाडल्यावरच निघावं आणि मागे लाल दिवा असावा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो. जाताना तो समोरून घ्यावा, म्हणजे दमून परतताना पाठीशी मिळतो.

महिन्यातून दोनदा सायकल संपल्या संपल्या बूट बदलून १५-२० मिनिटं धावावं. सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर पाय लाकडाचे वाटतात. ही जाणीव आधी ओळखीची झाली की शर्यतीत घाबरायला होत नाही.

ऊन, घाम, खाणं

पोहणाऱ्याला तहान उशिरा कळते. पाणी अंगातली उष्णता हवेच्या मानाने कितीतरी झपाट्याने काढून घेतं, त्यामुळे त्याच्या शरीराला घाम काढून थंड व्हायची फारशी सवय नसते. ती लावायला दहा ते चौदा दिवस पुरतात. मात्र एप्रिल-मेच्या दुपारी नव्हे, सकाळी नऊच्या आत.

एक गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाने खास ध्यानात ठेवावी. आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि लगेच उडून जातो, अंग थंड राहतं. गोव्याची हवा दमट. तिथे ३२ अंशांतही घाम अंगावर ओघळत राहतो, उडत नाही, आणि आतली उष्णता वाढत जाते. जालन्याच्या ४० अंशांत तयार झालो म्हणून गोवा सोपा जाईल, हा समज फसवतो. शक्य असेल तर शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी पोचावं, आणि धावण्याचा पहिला अर्धा भाग ठरवलेल्या गतीपेक्षा सावकाश काढावा.

सायकलवर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. दर तासाला ४० ते ६० ग्रॅम पिष्ट-शर्करा लागते. दोन केळी, किंवा एक केळ आणि चार-पाच खजूर एवढ्यात ती मिळते. महागडी एनर्जी जेल आवडत असतील तर घ्यावीत, पण सरावात न खाल्लेलं काहीही शर्यतीत खाऊ नये. आदल्या रात्री भात-वरण बरं. ज्वारीची भाकरी रोजच्या जेवणात उत्तम, पण तिच्यातला तंतू दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाला नको असतो. शर्यत संपल्यावर मात्र जालन्याची मोसंबी सोलून खावी, याहून चांगलं काही मला माहीत नाही.

शर्यतीच्या दिवशी

चांगल्या पोहणाऱ्याला आपल्याकडच्या शर्यतीत एक फायदा मिळतो, ज्याची चर्चा कमी होते. थंड देशांत रबरी वेटसूट घालून पोहतात. तो तरंगवतो, त्यामुळे कच्च्या पोहणाऱ्याची कंबर आपोआप वर राहते आणि तो तुमच्या जवळ येतो. आयर्नमनच्या नियमांत पाणी साधारण २४.५ अंशांच्या वर असेल तर क्रमवारीत नंबर हवा असणाऱ्याला वेटसूट चालत नाही. आपल्या किनाऱ्यावर पाणी त्याहून गरम. म्हणजे इथे पोहणं ज्याचं त्याचंच.

सुरुवातीला अपेक्षित वेळेनुसार रांगा लावतात. संकोच न करता पुढच्या रांगेत उभं राहावं. मागे राहिलात तर दोनशे जणांच्या लाथा चुकवत पुढे यावं लागतं. पाण्यात दुसऱ्याच्या पायांमागे पोहायला परवानगी आहे आणि त्याने श्रम वाचतात. सायकलवर हेच केलं तर दंड आहे. हौशी गटात पुढच्या सायकलपासून साधारण १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या शर्यतीत बरेच जण मोडतात.

सायकलवर पहिल्या तासात लोक तुम्हाला ओलांडत जातील, एकामागून एक. याची मनाची तयारी आधी करावी. पाण्यात पुढे असणाऱ्याच्या वाट्याला हे येतंच. लुसी चार्ल्सच्याही वाट्याला आलं. त्यांच्या मागे लागू नये. आपला गिअर, आपला श्वास, आपलं पाणी.

आणि छातीची तपासणी. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना मिळून १३५ नोंदवल्या गेल्या. त्यांतल्या ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या. त्यात उत्तम पोहता येणारेही होते. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि घरात हृदयविकार असेल तर त्याआधीही, डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये.

पहिलं पाऊल कोणतं

थेट अर्ध्या आयर्नमनला नाव देऊ नका. मालवणला चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा भरते. खारं पाणी, लाटा आणि गर्दी यांची ओळख तिथे स्वस्तात होते. कोल्हापूरच्या राजाराम तलावावर ट्रायथलॉन झाल्या आहेत. तलावाचं पाणी समुद्रापेक्षा सौम्य असतं. स्प्रिंट अंतराची एखादी शर्यत हिवाळ्यात मिळाली तर ती पहिली असावी.

गोव्याच्या शर्यतीत रिलेचाही गट असतो, आणि जालन्याच्या पोहणाऱ्याला मी आधी तोच सुचवेन. तिघांचा संघ : एक पोहतो, एक सायकल चालवतो, एक धावतो. जिल्ह्यात पहाटे सायकल काढणारे आणि पोलीस भरतीसाठी मैदानावर धावणारे तरुण भरपूर आहेत. नसतो तो पोहणारा. तुमच्या घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी चिप पाण्यातून येऊन सायकलवाल्या सोबत्याच्या घोट्याला बांधायची, की तुमचं काम झालं. पुढचे पाच-सहा तास तुम्ही रस्त्याकडेला उभं राहून बघू शकता की ९० किलोमीटर आणि २१ किलोमीटर माणसाचं काय करतात. पुढच्या वर्षी एकट्याने उतरायचं की नाही, ते तिथे उभं राहून ठरवावं.